कखडीचे पडीक शेत

आम्ही टेंभुर्णीला राहतो आणि उर्दू माध्यमाच्या शाळेत इतिहास शिकवतो. टेंभुर्णी म्हटले की लोकांना सोलापूरकडची, महामार्गावरची टेंभुर्णी आठवते. आमची टेंभुर्णी जालना जिल्ह्यातील जाफ्राबाद तालुक्यातली. कापूस, मका, सोयाबीन पिकवणारे गाव. इतिहासाच्या पुस्तकात या गावाचे नाव येत नाही. त्यामुळे आमच्या मुलांची अशी समजूत झालेली असते की इतिहास कुठेतरी दूर घडतो, दिल्लीला, बगदादला, फार तर दौलताबादला.

काही दिवसांपूर्वी सहावीच्या वर्गात एका मुलाने उर्दूतील सामान्यज्ञानाचे एक जुने पुस्तक आणले. त्यात काळ्या दगडाच्या एका उंच स्तंभाचे चित्र होते. वरच्या भागात सिंहासनावर बसलेला देव, त्याच्यासमोर उभा असलेला राजा आणि खाली बारीक बाणाकृती अक्षरे. चित्राखाली लिहिले होते : हम्मुराबी, शाह-ए-बाबिल. बाबिलचे नाव मुलांच्या कानावरून गेलेले होते, कारण सूरह बकरात ते येते. एकाने लगेच विचारले, "सर, हाच नमरूद होता का?" आम्ही सांगितले की तसा कोणताही पुरावा नाही, हम्मुराबी हा अमोरी वंशाचा राजा, आणि त्याच्याविषयी आपल्याला जे कळते ते त्याच्याच काळातल्या मातीच्या पाट्यांवरून कळते. मग दुसऱ्या मुलाने जे विचारले त्यावर आम्ही काही क्षण गप्प झालो. तो म्हणाला, "सर, बाबिल का तो अपना है. यहाँ पैठन में जो राजे थे, वो अपने थे क्या?"

या प्रश्नाचे उत्तर एका तासात देता आले नाही. म्हणून हा लेख.

आधी त्या स्तंभाविषयी. हम्मुराबी हा बाबिलच्या पहिल्या राजघराण्यातील सहावा राजा. अमोरी हे मुळात पश्चिमेकडून, सीरियाच्या माळरानावरून आलेले पशुपालक लोक. मेसोपोटेमियाच्या शहरांत ते स्थिरावले आणि पुढे तिथले राजे झाले. प्रचलित कालगणनेप्रमाणे हम्मुराबीने इ.स.पू. १७९२ ते १७५० अशी ४३ वर्षे राज्य केले. गादीवर आला तेव्हा बाबिल हे लहानसे राज्य होते. कारकिर्दीच्या तिसाव्या वर्षाच्या आसपास त्याने एलामच्या फौजांना मागे रेटले, लार्साचे राज्य जिंकले आणि पुढे युफ्रेटिसच्या वरच्या बाजूचे मारी शहर उद्ध्वस्त केले. त्याचा कायदे कोरलेला दगड सव्वादोन मीटर उंच आहे आणि त्यावरील कलमांची संख्या २८२ धरली जाते. दुर्बळावर बलवानाने जुलूम करू नये, अनाथ आणि विधवेला इन्साफ मिळावा, असा आपला हेतू राजाने त्यावर स्वतःच सांगितला आहे. परंतु त्याच कायद्यात डोळ्याच्या बदल्यात डोळा हा न्याय फक्त बरोबरीच्या माणसांसाठी आहे. गरिबाचा डोळा फोडला तर चांदी द्यावी लागे, आणि गुलामाचा फोडला तर त्याच्या किमतीची निम्मी रक्कम. हा दगडही बाबिलमध्ये राहिला नाही. एलामच्या राजाने तो लुटून सूसा येथे नेला, फ्रेंच उत्खननकारांना १९०१-०२ च्या हिवाळ्यात तो तिथे सापडला आणि आज तो पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात उभा आहे.

अभ्यासकांच्या एक गोष्ट ध्यानात आली आहे. त्या काळच्या खटल्यांच्या आणि व्यवहारांच्या हजारो पाट्या सापडल्या. पण न्याय देताना त्या स्तंभावरील कलमांचा आधार घेतल्याचे त्यांत सहसा दिसत नाही. उलट हम्मुराबीने आपल्या अधिकाऱ्यांना लिहिलेली पत्रे सापडली, त्यांत खरा राजा दिसतो. अमुक कालव्याकाठच्या जमीनधारकांना बोलावून कालवा साफ करवून घ्या. अमुक माणसाचे शेत अधिकाऱ्याने बळकावल्याची तक्रार आली आहे, महालातील नोंद त्या माणसाच्या बाजूने आहे, चौकशी करा. स्तंभावर राजा देवासमोर उभा आहे. पत्रात तो कारकुनासारखा शेताच्या बांधावर उतरलेला आहे.

आता मुले विचारणार की त्या वेळी आपल्याकडे काय होते? हम्मुराबीच्या काळाच्या आसपास प्रवरेच्या काठी दायमाबादला शेती करणारे लोक राहत होते. त्यांची घरे, रंगवलेली मडकी आणि धान्य सापडले आहे. पण त्यांनी लिहून ठेवलेले असे काही नाही, त्यामुळे कोणाचे राज्य होते हे सांगता येत नाही. लिहिलेला शब्द आपल्या दख्खनमध्ये आला तो पुष्कळ नंतर. आपल्या भागाचा ज्याच्या कारकिर्दीविषयी दगडावर सविस्तर वाचता येते असा राजा म्हणजे पैठणच्या सातवाहन घराण्यातील गौतमीपुत्र सातकर्णी. हम्मुराबी आणि त्याच्यामध्ये अठराशेहून अधिक वर्षांचे अंतर आहे. त्याच्या कारकिर्दीची नेमकी वर्षे वेगवेगळे इतिहासकार वेगवेगळी धरतात, इ.स.चे पहिले शतक सरता सरता आणि दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धात, असे म्हटले म्हणजे पुरे.

गौतमीपुत्राच्या आधी सातवाहनांचे दिवस वाईट आले होते. शक कुळातील क्षहरात घराण्याचा नहपान याने नाशिक, जुन्नर, कार्ले हा सारा पट्टा आणि कोकणची बंदरे ताब्यात घेतली होती. ग्रीक भाषेत लिहिलेल्या एका व्यापारी प्रवासवर्णनात त्या काळची आपल्या भागाची हकीकत आहे. भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आजचे धाराशिव जिल्ह्यातील तेर. पैठणहून गोमेदासारखे दगड आणि तेरहून कापड गाड्यांत भरून बंदराकडे जाई. ही वाट ज्याच्या हाती, त्याच्या हाती पैसा. लढाई त्या वाटेसाठी होती.

गौतमीपुत्राने नहपानाचा पराभव केला. त्याचा पुरावा पुस्तकात नव्हे, जमिनीत सापडला. १९०६ साली नाशिकजवळ जोगलटेंभी येथे नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा मिळाला. नाणी होती तेरा हजारांहून अधिक. त्यांतील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. एका बाजूला नहपानाचा चेहरा, त्याच्या नाकाडोळ्यांवर कमानींच्या टेकडीचे चिन्ह; त्याच नाण्याच्या काठाला पुसट झालेली ग्रीक अक्षरे. नाणी वितळवली नाहीत, बाजारातून काढून घेतली नाहीत. पैसा तोच राहिला, फक्त मालक बदलल्याचे लोकांना कळवले. जोगलटेंभी हे नाव ऐकून आमच्या वर्गात हशा पिकला, टेंभुर्णीसारखेच वाटले म्हणून. पण मुलांना ते पाठ झाले.

गौतमीपुत्राची मोठी स्तुती नाशिकच्या पांडवलेण्यातील तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात कोरलेली आहे. ती कोरवली त्याच्या आईने, गौतमी बलश्रीने. तेव्हा गौतमीपुत्र हयात नव्हता आणि त्याचा मुलगा वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या राज्याचे १९ वे वर्ष चालू होते. बाई स्वतःची ओळख महाराजाची आई आणि महाराजाची आजी अशी करून देते. मुलाविषयी ती सांगते की अश्मक, मूलक, सुराष्ट्र, अपरान्त, विदर्भ, अवंती या देशांचा तो राजा होता. त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचे पाणी प्यायले. शक, यवन, पल्हव यांचा त्याने नाश केला आणि क्षहरातांचे कूळ उखडून टाकले. यातील मूलक म्हणजे पैठणच्या आजूबाजूचा मुलूख, म्हणजे आपलाच. पुढे ती म्हणते की त्याने धर्माला धरूनच कर घेतले, अपराधी शत्रूलाही मारणे त्याला रुचत नसे, आणि प्रजेच्या सुखदुःखात तो सारखा सहभागी होता. हे वाचून आनंद होतो. मग एक ओळ येते : त्याने चार वर्णांची सरमिसळ थांबवली.

इथे आमचे बोट अडखळते. शाळेत हा शिलालेख शिकवताना ही ओळ वगळावी, असे एका सहकाऱ्याने सुचवले होते. आम्हाला ते पटले नाही. हम्मुराबीच्या दगडावर गुलामाचा डोळा स्वस्त आहे हे जसे सांगायचे, तसेच हेही सांगायचे. मात्र त्याच्या पुढची हकीकतही सांगायला हवी. गौतमीपुत्रानंतर फार दिवस गेले नाहीत, तोच दुसऱ्या शक घराण्यातील महाक्षत्रप रुद्रदामा बलवान झाला. त्याचा जुनागढचा शिलालेख इ.स. १५० चा आहे. त्यात तो म्हणतो की दक्षिणापथाचा स्वामी सातकर्णी याला आपण दोनदा हरवले, पण जवळच्या नात्यामुळे त्याचा नाश केला नाही. ते नाते कोणते, याचा उलगडा मुंबईजवळच्या कान्हेरीच्या लेण्यात होतो. वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी कार्दमक घराण्यातील महाक्षत्रपाची मुलगी होती, असे तिथे कोरलेले आहे, आणि हा महाक्षत्रप म्हणजे रुद्रदामाच, असे इतिहासकार मानतात. म्हणजे ज्या घरातल्या आजीने सरमिसळ थांबवल्याचे दगडावर लिहवले, त्याच घरात शकांची मुलगी सून होऊन आली, आणि तिच्या नात्याने ते घर वाचले. दगडावरचा दावा एक, माणसांचे जगणे दुसरे. दख्खनची तारीख शिकवताना हा धडा आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो.

पण आमचे मन खरे गुंतले ते दुसऱ्या दोन लेखांत. हे लेखही त्याच तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्याच्या ओवरीत, स्तुतीपासून दूर, जरा कोपऱ्यात आहेत. दोन्ही गौतमीपुत्राच्या स्वतःच्या सरकारी आज्ञा आहेत. आपल्या भाषेत फर्माने.

पहिली त्याच्या राज्याच्या १८ व्या वर्षाची, पावसाळ्यातली, विजयी सैन्याच्या छावणीतून दिलेली. गोवर्धन, म्हणजे नाशिकजवळचा प्रांत, तिथला अमात्य विष्णुपालित याला राजा कळवतो : पश्चिम कखडी गावात २०० निवर्तने शेत आहे. निवर्तन हे त्या काळचे जमिनीचे माप. हे शेत आजवर ऋषभदत्त खात होता. ते आम्ही या डोंगरावर राहणाऱ्या भिक्षूंना देत आहोत. त्या शेतात सैनिकांनी शिरू नये, अधिकाऱ्यांनी हात लावू नये, मिठासाठी कोणी ते खणू नये, आणि जिल्ह्याच्या शिपायांचा त्यांना उपद्रव होऊ नये. आज्ञा तोंडी दिली, अमात्य शिवगुप्ताने लिहून घेतली.

हा ऋषभदत्त कोण? नहपानाचा जावई, स्वतः शक. याच नाशिकच्या डोंगरावर त्याचे स्वतःचे लेणे आहे. त्याने भिक्षूंसाठी ३००० कार्षापणे गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेवली होती. त्यांपैकी २००० वर दरमहा शेकडा एक आणि १००० वर शेकडा पाऊण व्याज यायचे, आणि त्या व्याजातून भिक्षूंच्या वस्त्रांचा व इतर किरकोळ गरजांचा खर्च चालायचा. कार्ल्याच्या भिक्षूंनाही त्याने एक गाव दिले होते. गौतमीपुत्राने शत्रूचे राज्य घेतले, नाण्यावरचा चेहरा झाकला. पण कार्ल्याचे ते दानही १८ व्याच वर्षी आपल्या नावाने पुन्हा दिले. शत्रूने ज्या फकिरांना पोसले त्यांना उपाशी ठेवले नाही. आज सत्ता बदलली की पाट्या बदलतात आणि मागच्याने सुरू केलेले काम बंद पडते, हे आपण पाहतो. तेव्हाचा हा व्यवहार डोळ्यासमोर ठेवण्यासारखा आहे.

दुसरी आज्ञा २४ व्या वर्षाची, म्हणजे सहा वर्षांनंतरची. आता गोवर्धनचा अमात्य श्यामक आहे आणि आज्ञेत राजाबरोबर राजमातेचेही नाव आहे. मजकूर थोडक्यात असा : आम्ही पूर्वी कखडी गावात शेत दिले होते. पण ते शेत कसले जात नाही आणि त्या गावात वस्तीही राहिलेली नाही. असे असल्याने नगराच्या हद्दीवर आमचे जे सरकारी शेत आहे, त्यातून १०० निवर्तने या भिक्षूंना द्यावीत. सवलती पूर्वीसारख्याच.

वाचकहो, हा मजकूर आम्ही पहिल्यांदा वाचला तेव्हा पुन्हा वाचला. एवढा मोठा राजा, ज्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचे पाणी प्यायले, तो दगडावर कोरून कबूल करतो की आम्ही दिलेली जमीन पडीक आहे, गाव ओसाड आहे, आमची पहिली आज्ञा उपयोगी पडली नाही. गाव का ओसाड झाले हे लेखात नाही. लढाया त्याच पट्ट्यात झाल्या होत्या, एवढे आपल्याला ठाऊक आहे. पहिल्या वेळी २०० निवर्तने दिली, दुसऱ्या वेळी १००. कागदावर दान निम्मे झाले. पण कागदावरच्या दोनशेपेक्षा पिकणारी शंभर मोठी, हे भिक्षूंनाही कळत होते आणि राजालाही.

आम्ही शिक्षक आहोत. आदेश आणि जमीन यांच्यातले अंतर आम्हाला चांगले माहीत आहे. आमच्या पाहण्यातली एक शाळा आहे, नाव घेत नाही. तिला वर्गखोलीची मंजुरी मिळाली. पत्र आले, पेढे वाटले गेले. जागा मोजायला माणूस आला तेव्हा कळले की कागदावर दाखवलेला तुकडा ओढ्याच्या पात्रात आहे. दुसरी जागा द्या म्हणून अर्ज केले. उत्तर आले की आपल्याला जागा यापूर्वीच देण्यात आलेली आहे, सबब प्रकरण निकाली काढण्यात येत आहे. पोरे आजही व्हरांड्यात बसतात. आपल्या समाजात मशिदीची, दर्ग्याची, कब्रस्तानाची किती जमीन अशी कागदावर पिकते आणि शेतात पडीक असते, हे वाचकांना आम्ही सांगायला नको. त्यात दोष केवळ सरकारचा नाही. मुतवल्लींचा आणि आपलाही आहे. दिलेली जमीन कसली जाते की नाही हे सहा वर्षांनी जाऊन बघणारा कोणी लागतो. गोवर्धनचे शेत कोणीतरी जाऊन बघितले, कोणीतरी खरे सांगितले, आणि राजाने ते ऐकून घेतले. राज्य चांगले की वाईट हे ठरवायला आम्हाला ही कसोटी स्तुतीच्या शिलालेखापेक्षा अधिक भरवशाची वाटते. हम्मुराबीची पत्रे आणि गौतमीपुत्राची आज्ञा इथे एका रांगेत येऊन बसतात.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे. पैठणचे राजे आपले होते का?

भोकरदन आमच्या शेजारचा तालुका. आमची पोरे तिथे लग्नाला जातात, दवाखान्यात जातात. केळणा नदीच्या काठचे हे गाव म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांचीच्या स्तूपाला दान देणाऱ्यांत इथल्या लोकांची नावे आहेत. १९७० नंतरच्या दशकात नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी तिथे उत्खनन केले, तेव्हा सातवाहन काळाची वस्ती उघडी झाली आणि हस्तिदंताची एक लहान स्त्रीमूर्ती मिळाली. तशाच घडणीची हस्तिदंती मूर्ती इटलीतील पाँपेई शहरात सापडली आहे, आणि ते शहर इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या शेजारच्या गावासारखी कारागिरी समुद्रापार पोचत होती. ते कारागीर कोणत्या धर्माचे होते याची विचारपूस करून आपण त्यांना आपले किंवा परके ठरवणार काय? ज्या मातीत त्यांची हाडे मिसळली त्याच मातीत आपल्या आजोबा-पणजोबांचे दफन झाले आहे.

आणि ही माती खणून हा इतिहास वर काढणारे कोण होते, हेही मुलांना माहीत असावे. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९१४ साली संस्थानाचे पुरातत्त्व खाते सुरू झाले. त्याचे पहिले संचालक गुलाम यझदानी. दिल्लीत जन्मलेला, अरबी-फारसीत मुरलेला हा विद्वान. त्यांनी अजिंठ्याच्या चित्रांवर चार खंडांचा ग्रंथ केला, त्यांच्याच कारकिर्दीत पैठणला उत्खनन झाले, आणि निवृत्तीनंतर दख्खनच्या प्राचीन इतिहासाचा जो मोठा ग्रंथ १९६० मध्ये प्रसिद्ध झाला त्याचे संपादनही त्यांचेच. १९५९ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. बुद्धाची चित्रे आणि सातवाहनांची नाणी आपली की परकी, हा प्रश्न यझदानी साहेबांना पडला असता तर त्यांचे काम झाले नसते.

भाषेचीही तीच गोष्ट. कखडीची आज्ञा संस्कृतात नाही, प्राकृतात आहे. पुढे ज्या प्राकृतातून मराठी आली तिच्या जवळची. आणि आमच्या घरी बोलली जाणारी दखनी उर्दू? "मैंच जाता," "आजच आया" असे आमची पोरे म्हणतात. हा 'च' लखनौच्या उर्दूत नाही. तो मराठीने दिला. हे ऋण जिभेवर रोज आहे, ते फेडायचे नसते, फक्त ओळखायचे असते.

दुसऱ्या दिवशी आम्ही फळ्यावर दोन नावे लिहिली, हम्मुराबी आणि गौतमीपुत्र. मुलांना सांगितले की दोघांचेही आपण वारस नाही आणि दोघांचेही आहोत. बाबिलचे नाव आपल्या किताबात आहे म्हणून आपल्याला त्याची ओढ वाटते, ते साहजिक आहे. पैठण मात्र आपल्या पायाखाली आहे. ज्या राजाने पडीक शेताची खबर घेतली तो चांगला राजा, आणि ज्या कायद्यात गुलामाचा डोळा स्वस्त झाला किंवा ज्या स्तुतीत माणसे वेगळी ठेवल्याचा अभिमान आला, तिथे आपण राजाशी असहमत व्हायचे. एवढे करायला राजा आपल्या जातीचा किंवा धर्माचा असावा लागत नाही.

ज्या मुलाने प्रश्न विचारला होता त्याने वहीत कखडीची आज्ञा उर्दूत उतरवून घेतली. मग तो म्हणाला, "सर, वो जमीन बाद में पिकी क्या?"

शिलालेख तिथेच संपतो. आम्ही त्याला म्हटले, पुढच्या सहलीत नाशिकला जाऊ, ते लेणे बघू, आणि डोंगरावर उभे राहून गावाच्या शिवाराकडे पाहू. आमच्या अर्जावर सहलीची परवानगी मिळाली की निघायचे.